जिनोआतला मुलगा

भूमध्य समुद्रातल्या आठवडाभराच्या सफरीत निमकरांनी बोटीवाल्यांची एकही सहल घेतली नाही. प्रत्येक बंदरात ते हातात नकाशा घेऊन एकटेच उतरत आणि दमेपर्यंत पायी हिंडत. गुडघेदुखीमुळे पत्नी कुमुदताई साताऱ्यालाच राहिल्या होत्या. पाचवं बंदर जिनोआ. तिथल्या इस्पितळात त्यांचा मुलगा निषाद नोकरीला होता. चार वर्षांत तो घरी आला नव्हता. खरं तर सफर त्याच्यासाठीच होती.

धक्क्यावर निमकर दोन तास त्याची वाट पाहत उभे होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"बाबा, बदली माणूसच मिळाला नाही. आज निघता येत नाहीये."

"असू दे रे. काम आधी."

मग ते उगाचच गल्ल्यांतून भटकले. चढावरच्या एका चौकात बाकावर बसून त्यांनी पाव खाल्ला आणि घरी फोन लावला.

"भेटला बरं का! बारीक झालाय, पण हसतो अजून तसाच. तुझे लाडू दिले, तर उभ्या उभ्या दोन खाल्ले त्याने. खूप हिंडलो आम्ही."



"अहो, मघाशी त्याचा फोन आला होता मला. जमलं नाही म्हणाला. रडत होता."

निमकरांनी पिशवीतला लाडवांचा न उघडलेला डबा मांडीवर घेतला.

"तरी सांगा ना," कुमुदताई हळूच म्हणाल्या. "लाडू खाऊन झाल्यावर कुठे गेलात तुम्ही दोघं?"