सहावा परिच्छेद

शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या आठवणींची वेबसाइट कुणालीनेच बनवली होती. लेख कितीही लांब असो, तिचा कोड त्याचे परिच्छेद सुटे करायचा आणि पहिले पाचच पानावर मांडायचा. वडिलांचा, जयराम गुरुजींचा लेखही तिने न वाचताच साइटवर चढवला.

मुरबाडच्या घरी गुरुजींनी तो मोबाइलवर दोनदा पाहिला. "कुणाली, शेवटचा परिच्छेद तू काढलास काय गो?"

"हो बाबा. एवढी लांबड कोण वाचतंय?" ती घाईत म्हणाली.

"बरं केलंस." त्यांनी चष्मा काढून ठेवला. पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर गुरुजी गेले. शोकसभेत वाचायला म्हणून कुणालीने सर्व्हरवरचा मूळ लेख उघडला. शेवटी लिहिलं होतं, "गावच्या कितीतरी मुलींना पुढे शिका म्हणून सांगितलं आणि माझ्याच कुणालीला बारावीनंतर घरी बसवलं. ती स्वतःच्या हिमतीवर शिकली. तिची माफी तोंडावर मागायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे मागतो. लेख तीच चढवणार आहे, म्हणजे सगळ्यांत आधी तीच वाचेल."