गरुडकेतूचे पंख

पडद्यावर गरुडकेतू सिटी बसमध्ये अंग चोरून उभा होता आणि कंडक्टर त्याच्याकडे पंखांचं वेगळं तिकीट मागत होता. सगळं थिएटर खदखदून हसत होतं. धम्मदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सत्यानाश केला मेल्यांनी," तो पुटपुटला. पुढच्या रांगेतल्या मुलीनं वळून पाहिलं आणि पुन्हा पॉपकॉर्नकडे लक्ष दिलं.

शेजारच्या खुर्चीत आनंददादा बसला होता. तो हसतही नव्हता आणि रागावलाही नव्हता. घरी भिंतीकडे बघायचा तसा पडद्याकडे नुसता बघत होता.

दादाला विस्मरणाचा आजार जडला, त्याला आता बराच काळ लोटला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घराचा पत्ता, मग नातवंडांची नावं, असं एकेक हातून निसटत गेलं. दिवाळीपासून तो धम्मदीपलाही 'अहो' म्हणू लागला. ज्या थोरल्या भावानं जन्मभर 'धम्म्या' सोडून दुसरी हाक मारली नाही, तो दारात उभा राहून विचारायचा, "आपण कोणाकडे आलात?" धम्मदीप म्हणायचा, "आपल्याकडेच आलोय." मग दादा अदबीनं खुर्ची पुढे करायचा. एक वेळ शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण ती अदब धम्मदीपला सोसवत नव्हती.

म्हणून तर हा सिनेमाचा घाट घातला होता. लहानपणीच्या कॉमिकमधल्या गरुडकेतूवर सिनेमा येतोय असं पेपरात वाचलं आणि धम्मदीपनं पेपर घेऊन थेट धायरीला दादाचं घर गाठलं. आम्रपालीवहिनींनी बातमी वाचली, चष्मा काढला.

"भाऊजी, बायकोला ओळखत नाहीत ते. गरुडकेतूला ओळखतील?"

"ओळखेल वहिनी. एकदा गरुडकेतू आठवला की पाठोपाठ मीही आठवेन. दादाच्या लेखी आम्ही दोघं काही वेगळे नव्हतोच."

वहिनींनी दादाला इस्त्रीचा शर्ट घातला. कोथरूडच्या थिएटरपर्यंत रिक्षात दादा पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "अहो, आपण मला कुठे नेताय?"

खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये दोघं लहानाचे मोठे झाले. कोपऱ्यावरच्या वाचनालयात गरुडकेतूचं नवं कॉमिक एका दिवसाच्या बोलीवर मिळायचं. कॉमिक एक आणि वाचणारे दोघं. मग दोघांनी भिंतीला पाठ लावून, खेटून बसायचं. अर्धं पुस्तक याच्या मांडीवर, अर्धं त्याच्या. पान उलटायचा मान धाकट्याचा, पण दादानं 'हं' म्हटल्याशिवाय उलटायचं नाही, असा कायदा होता. धम्मदीपला पुढची मारामारी बघायची घाई असायची. तो भराभर वाचून मोकळा व्हायचा आणि दादाच्या 'हं'ची वाट बघत चुळबुळत बसायचा. दादा मात्र एकेका चित्रावर रेंगाळायचा आणि भलतेच प्रश्न काढायचा.

"एवढे मोठे पंख धूत कोण असेल रे याचे? आणि वाळत कुठे घालत असतील?"

धम्मदीप चिडायचा. गरुडकेतूची चेष्टा त्याला मुळीच खपायची नाही. गरुडकेतू हसत नसे, थकत नसे, आणि त्याचे पंख मळणं तर शक्यच नव्हतं. चिडून तो तसंच पान उलटायला जायचा आणि मनगटावर दादाच्या दोन बोटांचा सणसणीत फटका खायचा. हात मागे, पान जागच्या जागी. काय दिवस होते ते!

कुठे तो गरुडकेतू आणि कुठे हा पडद्यावरचा! याला ढेरी होती. हा बसथांब्यावर पत्ता विचारत होता, आईची बोलणी खात होता. या विदूषकाला दादा कसा ओळखणार? त्याचं तरी काय चुकलं? धम्मदीपला स्वतःचीच कीव आली. आज घरी परतताना दादा आपला हात धरेल, नावानं हाक मारेल, असं काय काय मनाशी धरून तो आला होता. आता पुन्हा तीच खुर्ची, तीच अदब. राग कधीच ओसरला होता. आता नुसतं रडू येत होतं.

पडद्यावर गरुडकेतूच्या आईनं त्याचे पंख बादलीत बुचकळले, पिळले आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. खालच्या मजल्यावरून कोणी बाई ओरडली, "अहो, पाणी टपकतंय आमच्या पापडांवर!" थिएटरमध्ये पुन्हा हशा फुटला. गरुडकेतू बनियनवर, गाल फुगवून, पंख वाळायची वाट बघत बसला.

आता मात्र हद्द झाली. धम्मदीप उठला.

"चल दादा, घरी जाऊ. हा आपला गरुडकेतू नाही."

दादा हलला नाही. धम्मदीपनं त्याचा दंड धरायला हात पुढे केला, तोच त्याच्या मनगटावर दोन बोटांचा सणसणीत फटका बसला.

दादाची नजर पडद्यावरून हलली नव्हती. तो दोरीवरचे पंख बघत होता आणि गालातल्या गालात हसत होता.

"ए धम्म्या," तो म्हणाला, "हं म्हटलं का मी?"