व्हर्दूननंतर

प्रा. ढवळ्यांनी नीलांबरी गावितच्या डोक्यावरचा यंत्राचा टोप अलगद उतरवला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी अर्ध्या तासात पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दूनच्या खंदकातल्या एका फ्रेंच सैनिकाचे शेवटचे चार महिने जगून आली होती. जागतिक इतिहासाला आता पुस्तकं नव्हती, अशी प्रात्यक्षिकंच होती. या सत्रात ती एकदा दुष्काळात मेली होती, एकदा प्लेगमध्ये, आणि आज गोळी लागून.

"घरी जाऊन झोप," ढवळे म्हणाले. अकरा वर्षं ते प्रत्येकाला हेच सांगत आले होते. "सोमवारी हिरोशिमा आहे."

ती उठली नाही. "सर, ते युद्ध संपलं का हो?"

पुढच्याला बोलवायला निघालेले ढवळे मागे वळले. खंदकात मेलेल्याला ते कळणार कुठून? प्रात्यक्षिक तर त्याच्या शेवटच्या श्वासापाशीच थांबायचं. इतक्या वर्षांत आपल्या हे ध्यानातच आलं नाही!

बाहेर पुढच्या तुकडीची रांग लागली होती. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं, यंत्र बंद केलं आणि ते थकून टेबलाला टेकले.

"संपलं, पोरी. आणखी दोन वर्षं चाललं, पण संपलं. बसा सगळे, पुढचं सांगतो."

मुलं फरशीवर बसली. नीलांबरीला तेव्हा कुठे रडू फुटलं.