काचनळीमागचे पट्टे

"बॉयलर काठोकाठ भरलाय, बागवानकाका. सोडायची गाडी?" मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत विचारलं. उसाच्या चिपाडावर चालणारं हे नवं वाफेचं इंजिन मी बनवलं होतं आणि आज त्याची पहिली प्रवासी फेरी होती. मागच्या डब्यात चाळीस माणसं बसली होती, त्यांत माझी आई.

निवृत्त ड्रायव्हर असलेले काका पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीकडे रोखून बघत होते. "मॅडम, पूर्ण भरलेली नळी आणि पार रिकामी नळी सारखीच दिसते. हिच्यामागची पट्ट्यांची पाटी कुठाय?"

"मीच काढली. पडदा असताना कशाला हवी?"

काकांनी खांद्यावरचा पट्ट्यांचा रुमाल नळीमागे तिरका धरला. "पाणी असलं तर पट्टे उलट्या बाजूला कललेले दिसतात."

मी वाकून पाहिलं. पट्टे जसेच्या तसे होते.

माझा हात पंपाच्या बटणाकडे झेपावला. काकांनी मनगट पकडलं. "नको, पोरी! तापल्या लोखंडावर पाणी पडलं तर बॉयलर फुटेल. आधी आग विझव."

मी भट्टीतलं जळतं चिपाड बाहेर ओढून आग विझवली. डब्यातून आईचा आवाज आला, "घाबरू नका हो, इंजिन माझ्या लेकीनं बनवलंय."