पायऱ्या नसलेली उत्तरं

"पायऱ्या कुठे आहेत?" रसायनशास्त्राच्या मॅडमनी उत्तरपत्रिका मुलीपुढे सरकवली.

प्रयोगशाळेत तिघीच होत्या. मुलीची आई उंच स्टुलावर अवघडून बसली होती. शिवणकाम तसंच टाकून आल्यामुळे तिच्या बाहीला दोरे चिकटले होते. उत्तरपत्रिकेतली पहिली तीन रासायनिक समीकरणं अचूक संतुलित केलेली होती, पण कच्च्या कामाची एक रेघ नव्हती. चौथ्यापुढे दोनच शब्द होते : होत नाही.

मॅडमच्या नजरेतून आजवर एकही कॉपी सुटली नव्हती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

"तीन कुणाची तरी बघून लिहिलीस. चौथ्याच्या वेळी मी येऊन शेजारी उभी राहिले. हेच ना?"

"नाही मॅडम. मनातच केली."

"मनात! सगळा वर्ग पायऱ्या लिहितो आणि ही बाई मनात करते!"

"खरं काय ते सांगून टाक ना गं," आई म्हणाली. तिलाही लेकीचा भरवसा वाटेना. कॉपी म्हणून शून्य मिळालं तर पुढच्या वर्षी विज्ञान शाखा नाही, एवढंच तिला कळलं होतं.

मुलीने पहिल्या समीकरणावर बोट ठेवलं. "मी काजं मोजते. मॅग्नेशियमला दोन काजं. क्लोरीन म्हणजे एक गुंडी. मग क्लोरीन दोन लागणार."

"हे रसायनशास्त्र आहे, शिवणक्लास नाही. आणि चौथ्यात काय, गुंड्या संपल्या वाटतं?"

"गुंड्या पुरल्या, हायड्रोजनची काजं उरली. मॅग्नेशियमने दोन क्लोरीन घेतले. त्यांचे हायड्रोजन सुटे झाले. ते गेले कुठे?"

"गेले कुठे म्हणजे? अख्ख्या वर्गाला दिसले, तुला एकटीला दिसत नाहीत?" मॅडमनी प्रश्नपत्रिका ओढली आणि छापलेल्या ओळीखाली बोट ठेवून, लहान पोराला वाचून दाखवावं तसं मोठ्याने वाचलं. "मॅग्नेशियम अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल. बाण. मॅग्नेशियम क्लोराइड अधिक हायड्रोजन."

"शेवटचं कुठे लिहिलंय, मॅडम?"

मॅडमनी खाली पाहिलं. बोट ओळ ओलांडून कोऱ्या कागदावर आलं होतं. हायड्रोजन छापायचाच राहून गेला होता. वर्गाला समीकरण तोंडपाठ होतं, त्यामुळे सगळ्यांनी तो बिनदिक्कत लिहून टाकला होता आणि मॅडमनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले होते.

"म्हणजे... हिचं बरोबर आहे का हो?" आईने चाचरत विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या मुलीला निरखत राहिल्या. मग पुढे झुकून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं,

"खरं सांग. हे तुला कुणी दाखवून दिलं?"