साठ जणांचं एकच अक्षर

गठ्ठा चाळून झाल्यावर कप्तानने तो पुन्हा पहिल्या फॉर्मपासून चाळला. मग रंगारीकडे सरकवला.

"अक्षर बघ."

रंगारीने चार-पाच फॉर्म उलटले. प्रकल्पातले तक्ते आणि आलेख तो रंगवायचा, म्हणून रंगारी. ती गटप्रमुख, म्हणून कप्तान. गटातला तिसरा आठवड्यातून एकदा उगवायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि कपातला चहा संपायच्या आत निघायचा. त्याचं नाव पाहुणा पडलं होतं.

"सगळे एकाच हाताने लिहिलेत," रंगारी म्हणाला.

"साठच्या साठ. मी त्याला फॉर्म भरून घे म्हटलं होतं. भर म्हटलं नव्हतं."

विषय बसथांब्यांचा होता. प्रश्न कप्तानने काढले, तक्ते रंगारीचे, आणि घरोघरी जाऊन माणसांना विचारणं एवढंच पाहुण्याकडे. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. फक्त नंबर, वय, दहा उत्तरं आणि सही.

"आणि हे वय बघ. सत्तर, चौऱ्याहत्तर, एक्क्याऐंशी. साठातल्या पन्नास जणांना बसची पायरी उंच वाटते. शहरात तरुण माणूसच नाही की काय? सहीच्या जागी तर कितीतरी फॉर्मवर नुसते शाईचे डाग."

"सर सोलून काढतील."

सर खरंच सोलून काढायचे. गेल्या वर्षी एका गटाचे खोटे फॉर्म त्यांनी पकडले आणि तिघांना शून्य दिलं. तिघांचंही वर्ष गेलं. कप्तानच्या पिशवीत नोकरीचं पत्र होतं. निकाल लागताच रुजू व्हावे, असं त्यात लिहिलं होतं.

पाहुणा आला, नेहमीप्रमाणे कडेवर बसला. त्याची बोटं निळी झाली होती. एका चपलेचा अंगठा तुटला होता, तिथे त्याने सुतळी बांधली होती.

"पेन गळतं वाटतं?" कप्तानने विचारलं.

"गळतं. पण कामाला आलं."

"कधी गेला होतास रे लोकांकडे?"

"दुपारी. लेक्चरं बुडवून. संध्याकाळी मला दुकानात बसावं लागतं." तो उठला. "फॉर्मचे नंबर तेवढे बदलू नका हं. मी लोकांना नंबर घातलेल्या चिठ्ठ्या दिल्यात. काय निष्कर्ष निघाला ते कळवतो म्हणालोय."

"चिठ्ठ्यासुद्धा!" रंगारीने हसू दाबलं.

"नाही बदलत," कप्तान म्हणाली. "सादरीकरणात तू काही बोलू नकोस. आम्ही सांभाळून घेऊ."

"बरं," पाहुणा म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं.

तो गेल्यावर रंगारी म्हणाला, "थाप मारावी ती किती! नावच कापू या त्याचं."

"नको. त्याचं वर्ष बुडवून आपल्याला काय मिळणार?"

रविवारी जेवणं आटोपल्यावर कप्तानने घरातल्या सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. साठ कोरे फॉर्म, सात रंगांची पेनं. बाबांनी पंधरा भरले, त्यातले पाच डाव्या हाताने. आत्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. धाकट्या भावाचं मुंग्या चालल्यासारखं, पण तेही उपयोगी पडलं. वयं कप्तान सांगत होती: एकोणीस, चाळीस, सव्वीस.

"माझी सही कशावर घेऊन मला अडकवू नकोस हं," आई म्हणाली.

"तुझी नको. कुणाचीही कर."

"मग मी आमच्या मुख्याध्यापकांची करते," आई म्हणाली, आणि प्रगतिपुस्तकावर असायची तशी झोकात सही ठोकली.

चार वाजेपर्यंत काम उरकलं. नंबर मात्र तिने एकही बदलला नाही. जुने फॉर्म आईने वाया जाऊ दिले नाहीत. कापून स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली अंथरले.

सादरीकरण चांगलं झालं. रंगारीचे आलेख भिंतीवर उठून दिसले. कप्तान न अडखळता बोलली. पाहुणा फळ्याजवळ उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त फॉर्मचा गठ्ठा जवळ ओढला.

"घरोघर कोण गेलं होतं?"

कप्तानने पाहुण्याकडे बोट दाखवलं. "हा, सर. पण आम्ही सगळे फॉर्म तपासलेत."

सरांनी पाहुण्याकडे बराच वेळ पाहिलं.

"माझी आई दुपारी घरी एकटीच असते," ते म्हणाले. "तिला लिहिता-वाचता येत नाही. परवा सांगत होती, तुमच्या कॉलेजचा एक मुलगा येऊन तासभर बसला. तो विचारत गेला, ती सांगत गेली, तो लिहीत गेला. शेवटी ती म्हणाली, बाबा रे, मला सही येत नाही. तर त्याने पेनातली शाई तिच्या अंगठ्याला लावली आणि ठसा घेतला. म्हणाला, आजी, हीच तुमची सही."

पाहुणा किंचित हसला.

"आमच्या आळीत दुपारी सगळे म्हातारेच घरी असतात. त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. आईने ती चिठ्ठी देवासारखी जपून ठेवली आहे." सरांनी खिशातून दुमडलेला कागद काढला, चष्मा लावला आणि नंबर वाचला. "चौतीस. बघू तरी तिचा अंगठा."

त्यांनी हळूहळू फॉर्म उलटायला सुरुवात केली. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस.

चौतीस नंबरवर हिरव्या शाईत वय लिहिलं होतं, बावीस. आणि खाली मुख्याध्यापकांची झोकदार सही होती.