बाईंच्या हाताची कड

“आता जे सांगतो ते कुणाला पटायचं नाही. तुला पटलं तर उद्यापासून मी गप्प बसेन,” काका म्हणाले, आणि कृमींची प्लेट त्यांनी उजेडात धरली.

इनक्युबेटरमधला तो खण आज रिकामा करायचा होता. नव्या कृमींना जागा हवी, जुना वंश टाकून देऊ, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सकाळीच सांगितलं होतं. प्रमुख म्हणजे ही समोर उभी असलेली, काकांच्या बायकोची विद्यार्थिनी. बायकोला सगळे बाई म्हणत. काका घरीसुद्धा बाईच म्हणत, त्यात सोय होती. बाई गेल्यापासून त्यांचे कृमी काकाच सांभाळत.

तर बाई हाताला बदामाच्या वासाचं क्रीम लावायच्या, आणि कृमींना खाणं घालताना प्लेटची एकच कड धरायच्या. वास आला की जेवण आलं. आता पेशीच्या केंद्रकात असतात छोटे आरएनए. स्वतः काडीचं काम करत नाहीत, पण कुठल्या जनुकानं बोलायचं न् कुठल्यानं तोंड मिटायचं ते हेच ठरवतात. थेट काकांच्या सासूबाई! हे आरएनए अंड्यांतून लेकरांत उतरले, लेकरांतून नातवंडांत. बाईंना न पाहिलेली ही पिलावळ अजून त्याच कडेला धावते, अशी काकांची कथा.

विद्यार्थिनीनं प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कृमी खरोखरच एका कडेला दाटले होते.

“बघ. आपण माणसं विसरतो. हे विसरत नाहीत.”

“काका, अशी आठवण तीन-चार पिढ्यांत पुसते. बाईंनीच शिकवलंय. बाई गेल्यापासून यांच्या शंभर पिढ्या झाल्या असतील.”

“बाईंचे आहेत. हट्टी असणारच.”

तिनं प्लेट नाकाशी नेली. कडेला बदामाचा वास होता. काकांनी उजवा हात हळूच खिशात घातला. मग तिनं प्लेट परत त्याच खणात ठेवली आणि दार लावून घेतलं.

“जरा पुरवून लावा, काका,” ती पाठमोरीच म्हणाली. “मी सगळी दुकानं पालथी घातली. ते क्रीम आता मिळत नाही.”